बाबांचं आतड्याचं ऑपरेशन आहे, आधी काय तयारी करावी आणि नंतर किती त्रास होतो? (इंदूर)

सुदामानगर_वाला:
नमस्कार मंडळी, ज्यांच्या घरी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी प्लीज थोडा वेळ काढून लिहा. बाबा ७१ वर्षांचे, बँकेतून रिटायर, रेक्टमचा म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला, आधी रेडिएशन आणि सोबत गोळ्यांची किमो झाली, मग काही आठवडे गॅप दिला आणि आता दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय, तारीख रंगपंचमीच्या पुढच्या आठवड्यातली मिळालीय. सर म्हणाले गाठ बरीच खाली आहे, आतड्याचा जोड खाली द्यावा लागेल आणि रेडिएशन घेतलेल्या जागी जोड भरायला वेळ लागतो, म्हणून काही महिने पोटावर पिशवी ठेवायची आणि नंतर छोटं ऑपरेशन करून ती बंद करायची. आता गंमत बघा, कॅन्सर म्हटल्यावर बाबा शांत होते, पिशवी म्हटल्यावर जेवण सोडून उठले. मी पोटावर पिशवी लावून फिरणार नाही, एवढंच म्हणतात.

बाबांना शुगर आहे, काही वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय त्यामुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि तंबाखू सुटली सुटली म्हणतात पण डबी उशीखाली सापडते. आईचं म्हणणं की ऑपरेशननंतर महिनाभर पलंगावरून उठूच द्यायचं नाही, टाके उसवतील. ऑपरेशनच्या आधी पोट साफ व्हायला पेगलेक नावाची पावडर प्यायला सांगितलीय, दोन लिटर, आमच्या बाबांना एक ग्लास ताक संपवायला अर्धा तास लागतो. घरी आणल्यावर खायला काय द्यायचं, पिशवीचं कोण बघणार (मी सकाळी पीथमपूरला जातो, बायकोची शाळा), आणि खर्च, सगळंच डोक्यात फिरतंय. जे सुचेल ते सांगा.

लोकमान्यनगर_काका:
घबरू नको भिया. माझं हेच ऑपरेशन झालंय, हीच पिशवी होती, आता बंद करून बराच काळ झाला आणि मी रोज सकाळी नेहरू पार्कला चक्कर मारतो. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज कर, मी घरी येऊन बोलतो, कारण हे डॉक्टरने सांगून पटत नाही, ज्याने पिशवी लावून लग्नं अटेंड केलीत त्याने सांगितलं की पटतं. मी भाच्याच्या लग्नात कुर्ता घालून पंगतीत बसलो होतो, शेजारच्या व्याह्यांना कळलंसुद्धा नाही.

पेगलेकचं सांगतो. एक पॅकेट दोन लिटर पाण्यात मिसळायचं असतं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. चव खारट-गोडसर, विचित्र. फ्रीजमध्ये गार करून ठेव, गार असलं की निम्मा त्रास कमी होतो, आणि घोट घोट चघळत बसू देऊ नकोस, स्ट्रॉ जिभेच्या मागे ठेवून ओढायचं. मळमळ झाली तर थोडा वेळ थांबायचं, फिरायचं, मग परत सुरू. उलटीच होत असेल तर हॉस्पिटलला फोन. तासाभरात पोट सुरू होतं आणि मग संडासच्या जवळची खुर्ची सोडायची नाही, त्या दिवशी घरातल्या बाकीच्यांनी दुसरा संडास वापरावा किंवा शेजारी जावं, मी थट्टा करत नाहीये. शेवटी पिवळसर पाणी यायला लागलं की समज काम झालं. मागच्या बाजूला आधीच व्हॅसलीन लावून ठेवायला सांग, हे कुणी सांगत नाही. आणि आधीचे दोन-तीन दिवस चोथ्याचं काही नाही, म्हणजे पालेभाजी, सालासकट डाळी, सॅलड, पेरू सगळं बंद. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दही. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसेल असं, नारळपाणी, लिंबूपाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. मात्र बाबांना शुगर आहे तर गोळ्या चालू आणि पोटात काही नाही असं व्हायला नको, त्या दिवशी ग्लुकोमीटर हाताशी ठेव आणि शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारूनच काय ते कर.

सिस्टर_मावशी:
सर्जिकल वॉर्डात आयुष्य गेलं, आता रिटायर आहे, म्हणून लिहितेय.

दादा, पहिली गोष्ट गोळ्या. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून सर्जन, भूलवाले आणि हार्टवाले तिघांनाही दाखवा, तोंडी सांगू नका. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट आहे म्हटल्यावर ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, हा निर्णय हार्टवाल्याचा, कुणा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. शुगरच्या गोळीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही नाव असेल तर ते मुद्दाम सांगा, त्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात ॲसिड वाढतं आणि शुगर नॉर्मल दिसत असल्याने लवकर लक्षात येत नाही. आजकाल मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असते, पट्टीची मागची बाजू वाचा.

दुसरं, हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. या आजारात रक्त हळूहळू जात राहतं. कमी असेल तर आत्ताच आयर्नचं सलाईन द्या म्हणावं, ऑपरेशनच्या सकाळी कळून काय उपयोग. तिसरं तंबाखू. डबी उशीखालून काढून नळाखाली रिकामी करा. चार आठवडे आधी सोडली तर सगळ्यात चांगलं, पण आज सोडली तरी फायदाच आहे, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडाला रक्त कमी पोचतं. चौथं, तीन बॉल असलेला स्पायरोमीटर मेडिकलवर मिळतो, तो आजच आणून सराव सुरू करा. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग खाली कफ साचून न्यूमोनिया होतो. आधीच सवय असेल तर नंतर शिकवत बसावं लागत नाही. रोज अर्धा तास चालणं आणि रोजच्या जेवणात पनीर, अंडी, डाळ, दही वाढवणं हेही आत्तापासून.

आता आईंना माझा निरोप सांगा, महिनाभर झोपवून ठेवायचे दिवस गेले. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हे सगळं उलटं करून दाखवलं, लवकर उठवायचं, लवकर पाणी द्यायचं, नळ्या लवकर काढायच्या, आणि पेशंट लवकर आणि कमी त्रासात घरी जायला लागले. आता बहुतेक चांगल्या ठिकाणी तसंच करतात. रात्रभर उपाशी, पाण्याचा थेंब नाही, हे पण राहिलं नाही, साधारण सहा तास आधीपर्यंत घट्ट खाणं आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, शुगरवाल्यांचं थोडं वेगळं असू शकतं तेव्हा भूलवाल्यांना विचारा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर उठवायला आली की आईंनी आडवं यायचं नाही. पोटावर उशी घट्ट धरायची, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. पलंगावर पडून राहिलं तर पिंढरीत गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर गेलं सगळं. त्यासाठीच पोटात छोटं इंजेक्शन देतात, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा घरी गेल्यावरसुद्धा, एकूण चार आठवडे चालू ठेवतात, महाग वाटलं तरी मधे बंद करू नका.

च्युइंगम चघळायला दिलं तर हसू नका, चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय आणि ते कामाला लागतं.

आणि पिशवी. पोटावर आतड्याचं जे तोंड काढतात त्याला स्टोमा म्हणतात, त्याच्यावर पिशवी बसते. ऑपरेशनच्या आधी सिस्टर किंवा स्टोमा थेरपिस्टकडून पोटावर मार्किंग करून घ्या, म्हणजे बाबांना उभं करून, बसवून, वाकवून बघायचं आणि जिथे घडी पडत नाही, पँटचा पट्टा येत नाही आणि त्यांना स्वतःला खाली बघून दिसतं अशा जागी पेनाने खूण. हे झालं नाही आणि घडीत स्टोमा आला की पिशवी सतत गळते, मग माणूस खरंच घराबाहेर पडत नाही. सर्जनला नुसतं विचारा, मार्किंग कधी करणार? हा एक प्रश्न विसरू नका.

मालव_आरोग्य:
एवढी घाई कशाला, उज्जैनच्या बाजूला एक वैद्य आहेत, काढा देतात, गाठ विरघळते. ऑपरेशन केलं की पसरतं असं बऱ्याच लोकांचं पाहिलंय. पोटात चाकू लावण्याआधी एकदा विचार करावा.

सिस्टर_मावशी:
ऑपरेशनने पसरत नाही, उशीर केल्याने पसरतं. रेडिएशननंतर ठरलेल्या वेळेत ऑपरेशन करायचं असतं, ती वेळ काढ्यात घालवलेले पेशंट मी शेवटी आतडं बंद पडून रात्री दोन वाजता इमर्जन्सीत आलेले बघितलेत, तेव्हा मग पिशवी कायमची. दादा, हे वाचून पुढे जा. आणि कुठलाही काढा, चूर्ण चालू असेल तर तेही भूलवाल्यांना सांगा.

राजेंद्रनगरची_सून:
माझ्या सासूबाईंचं झालंय आणि पिशवी मीच सांभाळली म्हणून घरचं सांगते, हॉस्पिटलचं मावशींनी सांगितलंच आहे.

डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून पिशवी बदलायला तुम्ही आणि वहिनी दोघांनी शिकून घ्या, आणि बाबांना आरसा देऊन त्यांच्याच हातून एकदा करवा. पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, लाल ओलसर मांस दिसतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं, पण त्याला हात लावला तर दुखत नाही. रंग जांभळा-काळा दिसला तर मात्र लगेच फोन. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, गच्च भरू दिली तर वजनाने सुटते. पिशवीच्या खालची, कातडीला चिकटणारी चकती आमच्याकडे तीन-चार दिवसांनी बदलायची असायची, सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, कारण तेव्हा येणं कमी असतं. भोक मापून कापायचं, स्टोमापेक्षा अगदी जरासं मोठं, जास्त मोठं कापलं की मधली कातडी सोलवटते आणि तिथूनच सगळा त्रास सुरू होतो. पहिले काही आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते तेव्हा माप परत परत घ्या. कातडी नुसत्या कोमट पाण्याने धुवायची, डेटॉल नाही, तेल नाही, पावडर दिलेली असेल तर तीच.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्याकडे द्या. छोट्या आतड्याची पिशवी असेल, जी तुमच्या बाबांची असेल असं वाटतंय, तर त्यातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं. पेजेइतकं दाट येत असेल तर ठीक. दिवसाला दीड लिटरच्या वर पाण्यासारखं जायला लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, उठल्यावर चक्कर आली, पायात गोळे आले तर वाट बघायची नाही. आमच्या सासूबाई एप्रिलमध्ये अशाच परत ॲडमिट झाल्या होत्या, किडनीचे आकडे वाढले होते, आणि तुमचं तर ऐन उन्हाळ्यात येतंय. अशा वेळी साधं पाणी ढोसून उलट जास्त जातं, ओआरएस घोट घोट द्यायचं. मोजायला एक प्लास्टिकचा मापाचा जग वेगळा ठेवा आणि भिंतीवर कागद चिकटवून लिहा, डॉक्टरला आकडा सांगितला की ते पण नीट ऐकतात. आमच्याकडे गोळ्यांनी घट्ट झालं होतं, पण त्या डॉक्टरांनी ठरवून द्यायच्या.

खाणं: मऊ भात, तूप, मेतकूट, मुगाची खिचडी, दहीभात, केळं, उकडलेला बटाटा, सालं काढलेली दुधीची भाजी, जमत असेल तर अंडं. थोडं थोडं पाच-सहा वेळा. भाताने आणि केळ्याने दाट होतं, शुगर सांभाळून द्या. साबुदाण्यानेही होतं पण दाण्याचं कूट घालू नका. आपल्या इंदूरची पंचाईत म्हणजे भुट्टे का कीस, मक्याचा दाणा पचत नाही आणि स्टोमाच्या तोंडाशी अडकून बसतो, तसंच मशरूम, खोबरं, शेंगदाणे, कच्ची काकडी-गाजर, संत्र्याची सालपटं. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे हे बंद, मग एकेक पदार्थ चाखून बघायचा आणि चावून चावून खायचं. पोहे मऊ करून चालतील पण वरून सेव आणि जीरावन नको हे भेटायला येणाऱ्यांनाही सांगून ठेवा. आमच्याकडे एक मामा छप्पन दुकानवरून कचोऱ्याच घेऊन आले होते, बिचाऱ्यांना प्रेम होतं पण मी दारातच डबा घेतला. पहिले पंधरा दिवस फोनवरच चौकशी करा असं सरळ ग्रुपवर टाका, वाईट वाटलं तर वाटू दे.

वापरलेली पिशवी रिकामी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून बंद करायची आणि कचऱ्याच्या गाडीत सॅनिटरीचा डबा वेगळा असतो त्यात द्यायची, ओल्या-सुक्यात नाही. आमच्या गाडीवाल्याला एकदा सांगितलं, नंतर त्याने कधी विचारलंही नाही.

पैशांचं, बाबा ७१ चे आहेत ना? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधारवर वय लागतं. तुमचं हॉस्पिटल त्यात आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का ते आत्ताच आयुष्मान काउंटरवर विचारा. पिशव्यांचा खर्च महिन्याचा वेगळा धरा.

सुदामानगर_वाला:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. पट्टीची मागची बाजू बघितली, मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन निघालीच. उद्या भूलवाल्यांकडे जायचंच आहे, पट्ट्या घेऊन जातो. डबीचा कार्यक्रम आईने केला, नळाखाली. अजून दोन प्रश्न. जोड लीक होतो म्हणतात ते घरी कसं ओळखायचं? आणि पिशवी बंद झाल्यावर सगळं पहिल्यासारखं होतं का?

सिस्टर_मावशी:
लीक बहुतेक वेळा पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास कळतं, म्हणजे कधी हॉस्पिटलमध्ये, कधी नुकतं घरी आल्यावर, कधी अजून उशिरा. रोज बरं वाटत असलेला माणूस एकदम मागे जातो, ही खूण. ताप, थंडी वाजणं, नाडी शंभराच्या वर पळणं, पोट फुगणं, दुखणं वाढणं, उलट्या, मागून पू किंवा घाण वासाचं पाणी, किंवा नुसतंच माणूस गप्प, गोंधळलेला. म्हाताऱ्या माणसांत ताप येतोच असं नाही. अशा वेळी ओपीडीची वाट नाही, थेट इमर्जन्सी, त्याच हॉस्पिटलची. मागच्या वाटेने थोडा चिकट आव मात्र येत राहतो, पिशवी असली तरी, तो नॉर्मल आहे, संडासला लागल्यासारखं वाटलं तर बसू दे त्यांना.

जड उचलायचं नाही, सहा आठवडे भरलेली बादलीसुद्धा नाही, नाहीतर पिशवीच्या बाजूला हर्निया येतो. लघवीची नळी काढल्यावर लघवी होतेय ना तेही बघा, खालच्या ऑपरेशननंतर काहींना अडते. आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यात किती लिम्फ नोड (आतड्याजवळच्या बारीक लसिका गाठी) तपासले ते बघून ठेवा, साधारण १२ तरी असावेत, रेडिएशननंतर कधी कमी मिळतात, पण विचारायला हरकत नाही. पुढे किमो लागणार की नाही ते त्यावर ठरतं, आणि किमो असली तर पिशवी बंद करायची तारीख पुढे जाऊ शकते, बाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते दिवस मोजत बसणार नाहीत.

लोकमान्यनगर_काका:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. नाही, लगेच पहिल्यासारखं होत नाही, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. पिशवी बंद करायच्या आधी औषध घालून एक्सरे काढतात, जोड भरला का बघायला. बंद झाल्यावर साठवायची जागाच कमी झालेली असते, त्यामुळे एकदा जाऊन आलो की पुन्हा दहा मिनिटांनी, परत पुन्हा, आणि लागली की थांबवता येत नाही. सुरुवातीला मी सराफ्यात जायचं म्हटलं तरी आधी संडास कुठे आहे ते विचारायचो. हळूहळू कमी झालं, वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहिली. फिजिओने खालचे स्नायू आवळायचा व्यायाम दिला तो कंटाळा न करता केला, इसबगोल डॉक्टरांना विचारून घेतलं, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. घरी इंडियन संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेव आणि जेट स्प्रे लावून घे, कागदाने पुसून पुसून कातडी जाते.

आणि हॉस्पिटलात नेताना पट्ट्याची पँट नको, नाडीचा नाहीतर इलॅस्टिकचा ढगळ पायजमा, दोन-तीन. बाबांना विचार, रविवारी सकाळी येऊ का?

सुदामानगर_वाला:
विचारलं काका. आधी म्हणाले कशाला लोकांना त्रास, मग म्हणाले चहा घेतात का ते. या रविवारी, पत्ता मेसेजमध्ये टाकतो. मार्किंगचं सरांना विचारलं, ॲडमिट व्हायच्या दिवशी सिस्टर करणार आहेत, बाबांना पँट घालून या म्हणालेत, पट्टा कुठे येतो ते बघायला. स्पायरोमीटर आणलाय, दोन बॉल वर जातात, तिसरा अजून हलत नाही.